गाणं लक्षात राहिलं, शीतल राहिली नाही



आमच्या श्रोता गटाच्या बैठकीत आम्ही मध्ये एक खेळ केला. मोबाइलवर जुन्या गाण्याची नुसती सुरुवातीची धून लावायची आणि बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. एक धून वाजली आणि साठीच्या मावशींपासून कॉलेजातल्या पोरींपर्यंत सगळ्यांनी ताल धरला. मोटारसायकलवर राजेश खन्ना, मागं बसलेली हेमा मालिनी, किशोरकुमारचा तो खट्याळ आवाज आणि मध्येच त्यानं गळ्यातून घेतलेल्या गिरक्या. गाणं सगळ्यांना पाठ. सिनेमाचं नाव मात्र दोघीतिघींनाच आठवलं: ‘अंदाज’. आणि सिनेमाची गोष्ट काय, असं विचारल्यावर कुणालाच धड सांगता येईना. शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या एक वहिनी म्हणाल्या, “त्यात तो मरतो ना? मग पुढं तिचं काय झालं?”

वहिनींचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. त्यांनी हे विचारलं आणि खेळ तिथंच थांबला. मग आम्ही ठरवलं, हा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा. एका दुपारी बघितला, आणि बघून झाल्यावर संध्याकाळचा चहा होईपर्यंत बोलत बसलो. आजचं हे भाषण त्या बोलण्यातूनच आलं आहे. सिनेमाची गोष्ट तर सांगणार आहोतच, पण त्या गोष्टीच्या मागं आपल्या महाराष्ट्राचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, तोही सांगणार आहोत.

‘अंदाज’ १९७१ सालचा. निर्माते जी. पी. सिप्पी आणि दिग्दर्शक त्यांचे चिरंजीव रमेश सिप्पी. रमेश सिप्पींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा. संगीत शंकर-जयकिशन यांचं. त्यातले जयकिशन त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. मोटारसायकलवरचं गाणं हसरत जयपुरींनी लिहिलं आणि त्याबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. पटकथेवर काम करणाऱ्यांत सलीम-जावेद ही जोडी होती. तेव्हा ते दोघं सिप्पींच्या कथा विभागात पगारावर होते, त्यांचं नाव अजून व्हायचं होतं.

गोष्ट अशी आहे. शीतल ही शाळेत शिकवणारी बाई. तिला एक लहान मुलगा आहे, दीपू. रवी हा खात्यापित्या घरचा माणूस, त्याची बायको वारली आहे आणि त्याला मुन्नी नावाची लहान मुलगी आहे. शीतलचं काम हेमा मालिनीनं केलं आहे, रवीचं शम्मी कपूरनं. पोरांची आधी गट्टी जमते आणि पोरांच्या मागून ही दोन मोठी माणसं एकमेकांना भेटतात. शीतलचं आधीचं आयुष्य आपल्याला मागं वळून दाखवलेलं आहे. तिचं राजवर प्रेम होतं, दोघांनी लग्न केलं, राजच्या वडिलांना ते मान्य नव्हतं, आणि मग राज अपघातात गेला. राजेश खन्ना आहे तो एवढ्याच भागात. तेव्हा तो लोकप्रियतेच्या शिखरावर होता, पण या सिनेमात तो पाहुणा आहे. थोडा वेळ येतो, ते गाणं म्हणतो आणि जातो. उरलेला सगळा सिनेमा तो गेल्यानंतरचा आहे.

आता गंमत बघा. सिनेमा आहे मागं राहिलेल्या बाईचा. आपल्या लक्षात राहिलं ते गेलेल्या पुरुषाचं गाणं. उद्याची फिकीर नसलेला राज आपण पन्नास वर्षं गुणगुणत आलो. पण राजचा तो ‘उद्या’ ज्या बाईनं काढला, पोटच्या पोराला घेऊन, नोकरी करून, लोकांची बोलणी ऐकून काढला, ती शीतल आपल्या लक्षात राहिली नाही. हे नुसतं गाणं चांगलं होतं म्हणून झालं असं आम्हाला वाटत नाही. नवरा गेल्यावर बाईची गोष्ट संपली, असं मानायची सवय आपल्या डोळ्यांना लागलेली आहे. पुढचं काही दिसलं तरी ते डोळ्यांत ठरत नाही.

त्या काळातले बाकीचे सिनेमे आठवा. १९६९ चा ‘आराधना’. त्यातही राजेश खन्नाच, आणि शर्मिला टागोर. दोघं देवळात लग्न करतात, तो विमान अपघातात जातो, त्याच्या घरचे ते लग्न मानत नाहीत आणि तिच्या पोटात मूल असतं. म्हणजे शीतलवर आलेला प्रसंग हुबेहूब वंदनावर आलेला. पण वंदना काय करते? मुलाला लांब ठेवते, त्याच घरात आया म्हणून राहते, तुरुंगात जाते, केस पांढरे होईपर्यंत वाट बघते. तिला शेवटी मिळतो तो मुलाचा अभिमान. तिच्या त्यागावर सगळा देश रडला, शर्मिला टागोरला पारितोषिक मिळालं.

मग आला ‘कटी पतंग’. त्यात आशा पारेख पांढऱ्या साडीत आहे आणि शेजारी राहणाऱ्या राजेश खन्नाचा तिच्यावर जीव जडतो. त्या काळी पांढऱ्या साडीतल्या बाईवर नायकाचं प्रेम बसणं ही साधी गोष्ट नव्हती. पण कथेत एक पळवाट ठेवलेली आहे. ती खरी विधवा नाहीच. गाडीच्या अपघातात वारलेल्या विधवा मैत्रिणीला दिलेल्या शब्दापायी ती तिचं नाव घेऊन राहते आहे. बघणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असतं, म्हणून त्याला तिचं प्रेम खटकत नाही. म्हणजे नायकानं विधवेशी लग्न करावं, पण ती खरोखरची विधवा नसावी!

या दोन सिनेमांच्या शेजारी ‘अंदाज’ ठेवून बघा. इथं शीतल खरोखरची विधवा आहे. तिचं राजवर मनापासून प्रेम होतं, बळजबरीचं किंवा लहानपणी लावून दिलेलं लग्न नव्हतं. तिला त्याच्यापासून मूल आहे. आणि तरी ती दुसऱ्या माणसाचा विचार करते आणि शेवटी त्याची होते. पहिलं प्रेम खोटं ठरवावं लागत नाही, पहिला नवरा वाईट दाखवावा लागत नाही. गटातल्या एक काकू म्हणाल्या, “पहिला दारुडा असता तर लोकांनी लगेच मान डोलावली असती.” अगदी खरं बोलल्या. चांगला नवरा गेला तर बाईनं जन्मभर त्याच्या नावानं राहावं, ही अपेक्षा अजून गेलेली नाही.

आणि पुरुषाचं काय? इथंच इतिहास बघायला हवा.

१८५६ साली इंग्रज सरकारनं विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. बंगालमधले ईश्वरचंद्र विद्यासागर त्यासाठी झटले होते. आपल्याकडे १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी विधवांच्या बाळंतपणाची सोय केली. फसवल्या गेलेल्या विधवांना जीव द्यावा लागू नये, मूल मारावं लागू नये, म्हणून. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. पुढं १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी एकत्र येऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही.

पण बायको गेलेल्या पुरुषाला कायदा लागत नव्हता, चळवळही लागत नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाच्या बाजूनं उभे राहिलेले मोठे सुधारक. १८७३ साली त्यांची पहिली बायको वारली. सगळ्यांना वाटलं, आता हे विधवेशीच लग्न करणार. पण वडिलांच्या आग्रहापुढं त्यांचं चाललं नाही आणि ते वर्ष संपायच्या आत त्यांचं लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी लागलं. त्याच पुढच्या रमाबाई रानडे. रमाबाई मोठ्या झाल्या, त्यांनी मोठं काम उभं केलं, हा भाग वेगळा. पण एवढ्या विचारी माणसाला जे जमलं नाही त्यावरून घराघरातलं चित्र कळतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं, त्यात हाच जाब विचारला आहे. बायको मेली की पुरुषानं लगेच दुसरी आणावी आणि नवरा मेला की बाईनं तोंड काळं करून कोपऱ्यात बसावं, हा कुठला न्याय?

आता एक गोष्ट इथं सांगायला हवी. विधवेनं पुन्हा लग्न करायचं नाही, ही रीत सगळ्यांची नव्हती. आपल्या कितीतरी जातींत पाट लावायची, म्होतूर करायची पद्धत होतीच. पण तिथंही पहिल्या लग्नाचा मान पाटाला नसायचा. वाजंत्री नाही, मांडव नाही, रात्रीच्या अंधारात उरकायचं. सवाष्णींनी त्या जोडप्याचं तोंड बघू नये म्हणायचे. बाईला दुसरं घर मिळायचं, पण उजेडात मिळायचं नाही.

उजेडात झालेल्या एका लग्नाची गोष्ट मात्र आपण ‘अंदाज’च्या शेजारी ठेवलीच पाहिजे. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी कर्वे, मूळचे कोकणातल्या मुरूडचे. १८९१ मध्ये त्यांची पहिली बायको राधाबाई वारली, मागं लहान मुलगा रघुनाथ. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई. तिचं आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच ती विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, तेव्हा तिथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच. ११ मार्च १८९३ रोजी कर्वे आणि गोदूबाई यांचं लग्न झालं. मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांच्या आईला स्वतःच्या मुलाशी मोकळेपणी बोलायची चोरी झाली. पण लग्न टिकलं, संसार झाला, मुलं झाली. याच गोदूबाई पुढं आनंदीबाई झाल्या, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांनी आपलं आयुष्य ‘माझे पुराण’ या पुस्तकात स्वतःच सांगितलं आहे. मिळालं तर जरूर वाचा.

बायको गेलेला बाप, एक मूल, आणि विधवा बाई. सिनेमात जे १९७१ साली दिसलं ते आपल्या महाराष्ट्रात अठ्ठ्याहत्तर वर्षं आधी घडून गेलं होतं.

आणखी एक धागा आहे. शीतल शिक्षिका आहे. सिनेमात ती सहज शिक्षिका दिसते, पण त्या एका शब्दामागं केवढं काम आहे! कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढं हिंगण्याला गेला. विधवा मुलींनी शिकावं आणि कुणाच्या दाराशी न राहता स्वतःच्या कमाईवर जगावं, हा त्याचा हेतू. तिथून शिकलेल्या बाया शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. विधवा मास्तरीणबाई गावात राहते, पोरं तिला बाई म्हणतात, गावकरी नमस्कार करतात, हे चित्र तिथून पुढं आपल्या ओळखीचं झालं. शीतल रवीला हो म्हणते ती पोटाला भाकरी नाही म्हणून नव्हे. तिची भाकरी तिच्या हातात आहे. म्हणून तर तिच्या होकाराला किंमत आहे.

त्याच घरातली दुसरी बहीणही विसरू नका. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा झाल्या. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. आश्रमाचं काम डोक्यावर घेतलं, गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, पुढं परदेशात जाऊन आल्या. केशवपनाची रीत त्यांनी बरीच वर्षं पाळली आणि स्वतःला पटल्यावर ती सोडली. एका घरातल्या दोन बहिणी, दोघी विधवा. एकीनं संसार मांडला, एकीनं कामाला वाहून घेतलं. दुःखातून बाहेर यायची वाट प्रत्येकीची निराळी असते. लग्न केलं म्हणजेच बाई सावरली असं आम्हाला म्हणायचं नाही. वाट तिनं निवडावी, एवढंच म्हणायचं आहे.

आता पुन्हा सिनेमाकडं येऊ. रवीचं काम करणारा शम्मी कपूर आपल्याला आठवतो तो मान हलवत, उड्या मारत नाचणारा. ‘अंदाज’मध्ये तो शांत आहे, अंगानं थोराड झालेला, पोरीचे लाड करणारा बाप. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही हे घडून गेलं होतं. त्याची बायको, प्रसिद्ध अभिनेत्री गीता बाली, जानेवारी १९६५ मध्ये देवीच्या आजारानं गेली. मागं दोन लहान मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यानं नीलादेवींशी लग्न केलं. त्यानंतर दोन वर्षांनी तो पडद्यावर बायको गेलेला बाप झाला. त्यानं ते काम करताना मनात काय आणलं असेल ते तोच जाणे. पण मुन्नीशी खेळताना त्याचा चेहरा मध्येच थांबतो, ते बघून आमच्यातल्या दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

या सिनेमातलं आम्हाला सर्वांत आवडलं ते हे की दोघांपैकी कुणालाच आपलं माणूस विसरायला लावलेलं नाही. रवीची बायको सिमी गरेवाल झाली आहे, तीही राजसारखीच मागच्या आठवणीत येते. म्हणजे या घरात चार माणसं आहेत आणि शिवाय दोन गेलेली आहेत. रवीला ठाऊक आहे शीतलनं काय गमावलं, शीतलला ठाऊक आहे रवीनं काय गमावलं. एकमेकांना ते समजावून सांगावं लागत नाही. दुःख झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी सांगतात. पहिल्या वर्षी म्हणतात, रडू नको. दुसऱ्या वर्षी म्हणतात, आता विसर. हा सिनेमा दोन्ही सांगत नाही. दुःखाला उशाशी जागा देऊनही नवा दिवस काढता येतो, असं तो दाखवतो.

पोरं, शीतल आणि रवी मिळून एक गोड गाणं म्हणतात, त्यात रफीसाहेबांच्या जोडीला आपल्या सुमन कल्याणपूर यांचा आवाज आहे. मोटारसायकलच्या गाण्याइतकं ते वाजत नाही. पण सिनेमा बघितल्यावर आमच्या गटातल्या बायका गुणगुणत घरी गेल्या ते हे गाणं.

सिनेमात सगळंच चांगलं आहे असं नाही. रवीच्या वाया गेलेल्या भावाची उपकथा आहे, एका गरीब मुलीचं तो वाटोळं करतो, ती गोष्ट आणि मारामाऱ्या सिनेमाला खाली ओढतात. आणखीही एक आहे. दोघांना जवळ आणायचं सगळं काम पोरांवर टाकलेलं आहे. पोराला बाप हवा, पोरीला आई हवी, म्हणून लग्न. विधवा बाईनं ‘मला सोबत हवी’ असं म्हणणं तेव्हा जड होतं, म्हणून पोरांचा आडोसा घेतलेला दिसतो. आमच्यातली कॉलेजातली मुलगी म्हणाली, “पोरं नसती तर शीतलनं लग्न करायचंच नाही का?” या प्रश्नाला सिनेमापाशी उत्तर नाही. आमच्यापाशी आहे. करायचं, तिला वाटलं तर.

आता पुढची गोष्ट ऐका. ‘अंदाज’नंतर चार वर्षांनी, १५ ऑगस्ट १९७५ ला, याच रमेश सिप्पींचा ‘शोले’ आला. निर्माते तेच जी. पी. सिप्पी, लेखक तेच सलीम-जावेद, हेमा मालिनीही तीच, आता बसंती झालेली. त्यात ठाकूरची विधवा सून आहे, राधा, जया भादुरी. जुन्या आठवणीत ती होळीला बडबड करणारी, हसरी मुलगी दिसते. आता ती पांढऱ्या साडीत, अबोल, संध्याकाळी वाड्यातले दिवे एकेक करून मालवते, आणि समोर जय बाजा वाजवत असतो. दोघांच्यात बोलणं जवळजवळ नाहीच. पण ठाकूरला कळतं, आणि तो स्वतः राधाच्या वडिलांकडे जाऊन तिच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढतो. सासरा सुनेसाठी सोयरीक मागतो, केवढी मोठी गोष्ट! आणि मग जय मरतो. राधा खिडकी लावून घेते.

मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षांहून जास्त चालला. दिवे मालवणारी राधा सगळ्या देशाच्या डोळ्यांपुढं कोरली गेली. तिच्यावर लेख आले, चर्चा झाल्या. त्याच दिग्दर्शकाची शीतल, जिनं दिवा लावला, तिला कुणी विचारलं नाही. खिडकी लावून घेणारी विधवा आपल्याला सुंदर वाटते. खिडकी उघडणारी बघायची सवय आपल्याला व्हायची आहे.

हे सगळं डोळ्यांचं झालं. पण भीती फक्त लोकांच्या नजरेची नसते, ती जमिनीचीही असते. १८५६ च्या त्या कायद्यानं एका हातानं पुनर्विवाह दिला आणि दुसऱ्या हातानं, पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल, असंही लिहून ठेवलं. ज्या जातींत पाटाची रीत आधीपासून होती, त्यांतल्या बायकांनाही पुढं न्यायालयांनी हाच नियम लावला. म्हणजे ज्यांना कायद्याची गरज नव्हती त्यांचंही नुकसान झालं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं हे पालटलं. आता नवरा गेला की त्याच्या मिळकतीतला बायकोचा वाटा तिच्या मालकीचा होतो, आणि पुढं तिनं लग्न केलं म्हणून मिळालेला वाटा परत जात नाही. सासऱ्याच्या मिळकतीत मात्र, पुन्हा लग्न केलेल्या विधवा सुनेला वारस धरू नये, असं एक कलम उरलं होतं. तेही २००५ मध्ये काढून टाकलं. हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे? “लग्न केलंस तर रानातला तुझा तुकडा गेला” असं सांगून किती जणींना गप्प बसवतात! म्हणून सांगतो, यजमान गेल्यावर आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घ्या. लग्न करायचं की नाही ते नंतर निवांत ठरवा.

आणि शेवटी आपल्या दारातली गोष्ट. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. मग राज्य सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव झाले, चांगलं झालं. पण आमचं काय? आम्ही रेडिओवर रोज समतेचं बोलतो आणि मागच्या संक्रांतीला आमच्याच केंद्रात हळदीकुंकू केलं, तेव्हा याच वहिनींना निरोप गेला नाही. कुणी मुद्दाम टाळलं नाही. फक्त कुणाच्या डोक्यात आलं नाही. हीच तर डोळ्यांची सवय. हे आम्ही आज सगळ्यांपुढं कबूल करतो, कारण ते मनात ठेवून शीतलबद्दल बोलणं खोटं झालं असतं.

सिनेमा संपला तेव्हा आम्ही वहिनींना विचारलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? त्या हसल्या. म्हणाल्या, “मला लग्नबिग्न करायचं नाही हो. पण तिनं केलं, आणि त्याच्यानंतर सुद्धा राजचा फोटो कुणी काढून टाकायला सांगितला नाही असं मला वाटलं. ते बरं वाटलं.” सिनेमात तसा फोटो दिसतो की नाही, हे आम्ही पुन्हा लावून बघितलं नाही. वहिनींना तो दिसला, तेवढं आम्हाला पुरे.

या संक्रांतीला वाण लुटायला आमच्या केंद्रात गावातल्या सगळ्या बायका येणार आहेत. सगळ्या म्हणजे सगळ्या. पहिलं वाण वहिनींच्या हातून द्यायचं ठरलं आहे, आणि त्या येते म्हणाल्या आहेत. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कुणाला निरोप द्यायचा राहतो, ते आज संध्याकाळी जरा आठवून बघा. पुढच्या बैठकीत आम्हाला सांगा. तोपर्यंत मोटारसायकलचं गाणं लागलं तर ताल जरूर धरा, फक्त मागं बसलेल्या शीतलकडंही बघा.